मांडवाची जोखीम : सातारा-सांगलीतील समारंभ आणि विम्याचा इतिहास

१. लग्नपत्रिका गणपतीच्या पायाशी ठेवली जाते तेव्हा मागणे एकच असते : कार्य निर्विघ्न पार पडो. या शब्दातच एक कबुली दडलेली आहे. चार माणसे एकत्र जमवणे हे आनंदाचे असले तरी ते धोक्याचेही असते. पाऊस येतो, मांडव कोसळतो, आचाऱ्याच्या चुलीचा भडका उडतो, वऱ्हाडाची गाडी घाटात उलटते. मग खर्च कोणाचा आणि जबाबदारी कोणाची? समारंभाच्या विम्याचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे. त्याचे अनेक महत्त्वाचे टप्पे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सापडतात.

२. आरंभी एक भौगोलिक खुलासा आवश्यक आहे. आजचे हे दोन जिल्हे ब्रिटिश काळात वेगळे नव्हते. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. म्हणून या कथेत कृष्णेचे दोन्ही काठ एकत्रच येतात.

३. कथेचा पहिला प्रसंग १८४३ चा आहे. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा नाट्यप्रयोग सादर केला. मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून तो सर्वांना परिचित आहे. मात्र अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नटांचा निर्वाह, वेशभूषा, दिवाबत्ती, तालमींचे महिने हा सारा खर्च दरबार उचलत होता. प्रयोग फसला असता तर नुकसानही दरबाराचेच झाले असते. त्या काळी राजाश्रय हाच समारंभाचा विमा होता.

४. या विम्याचे एक मोठे वैगुण्य होते : तो एका माणसाच्या आयुष्यावर अवलंबून होता. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि नाटकाचा आधार सुटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ मध्ये त्यांचे प्रयोग मुंबईत झाले. मराठी नाटक दरबारातून बाहेर पडून तिकिटावर चालू लागले, त्यामागे कलेच्या ओढीइतकीच ही आर्थिक निकडही होती. आश्रयदाता गेला की जोखीम थेट कलावंताच्या डोक्यावर येते, हे सांगलीने असे फार लवकर पाहिले.

५. मग त्या काळात विमा मुळीच नव्हता का? होता, पण तो मालाचा होता. पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांत ‘जोखमी हुंडी’ प्रचलित होती. माल सुखरूप पोहोचला तरच या हुंडीचे पैसे देय होत. गलबत बुडाले तर हुंडीही बुडे. म्हणजे पैशाची उचल आणि मालाचा विमा हे दोन्ही एकाच कागदात सामावलेले असत. व्यापाऱ्याच्या गाठोड्याला असे संरक्षण होते. मांडवाखाली बसलेल्या पाहुण्याला मात्र नव्हते. पुढील पावणेदोनशे वर्षे हा क्रम फारसा बदललेला दिसत नाही. आधी माल, मग यजमान आणि सर्वांत शेवटी पाहुणा.

६. खेड्यातील यजमानाकडे मात्र स्वतःची एक यंत्रणा होती : आहेर. मांडवात एक जाणता माणूस वही घेऊन बसे आणि कोणी काय दिले ते नावानिशी टिपून ठेवी. पुढे देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की वही उघडली जाई आणि त्या मानाने परतफेड होई. भावकी दूध-लाकूडफाटा पुरवी, शेजारी भांडी देत. वरवर हा मानपान दिसतो. प्रत्यक्षात तो परस्परांच्या मोठ्या खर्चाची वाटणी करणारा निधी होता. त्याचा हप्ता म्हणजे आहेर, करारपत्र म्हणजे ती वही आणि न्यायालय म्हणजे गावाची लाज.

७. या व्यवस्थेलाही मर्यादा होती. एका घरावर संकट आले तर गाव सावरून घेई. सर्व घरांवर एकाच वेळी आले तर सावरणार कोण? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनेत नेमके हेच घडले. ज्याच्याकडून आहेर परत यायचा तोच अन्नाला महाग झाला होता. विमाशास्त्राचा पहिला धडा हाच आहे : ज्या जोखमी एकाच कारणाने सर्वांवर एकदम कोसळतात, त्या लहान वर्तुळात वाटून हलक्या होत नाहीत. वर्तुळ मोठे लागते, दूरवरचे लागते.

८. दुष्काळाच्या किंचित आधी, १८७५ मध्ये, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. शेतकरी कर्जबाजारी का होतो, याचे सरकारी वर्तुळातील एक लाडके उत्तर होते : लग्नावरील उधळपट्टी. उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. लग्नाचा खर्च मोठा असे, पण तो आयुष्यात क्वचित येई. कर्जाची मुळे सारा, व्याज आणि अनिश्चित पीक यांत खोलवर गेलेली होती. त्यानंतर १८७९ मध्ये झालेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा प्रथम पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला.

९. जोखीम कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे समारंभच लहान करणे. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. त्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना आणि अल्प खर्चात विवाह लावण्याची प्रथा सुरू केली. तिचा मुख्य हेतू सामाजिक समतेचा होता. तिचा आर्थिक परिणामही तितकाच स्पष्ट होता : जो खर्च केलाच नाही, तो बुडण्याची भीती नाही.

१०. यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी एक विलक्षण प्रकरण येते : लग्नाच्या विम्याचे. स्वदेशीच्या लाटेत देशभर लहान लहान ‘प्रॉव्हिडंट’ संस्था उगवल्या. महिन्याला थोडी वर्गणी भरावी आणि घरात जन्म, विवाह किंवा मृत्यू झाला की ठराविक रक्कम घ्यावी, अशी त्यांची योजना असे. आहेराच्या वहीला जणू कंपनीचे रूप मिळाले होते. सामान्य माणसाला हा व्यवहार ओळखीचा वाटला, यात नवल नाही.

११. यांतील अनेक संस्था ‘वाटणी’च्या तत्त्वावर चालत. त्या वर्षी जमलेली वर्गणी त्या वर्षीच्या दावेदारांत वाटून टाकायची. राखीव निधी नाही, वयाप्रमाणे हप्ता नाही, जोखमीचे गणित नाही. शिवाय मृत्यू कोणी ठरवून आणत नाही. विवाहाची तारीख मात्र घरच्यांच्या हातात असते. योजनेत शिरायचे आणि लगेच लग्न उरकायचे, हा मार्ग प्रत्येकाला खुला होता. नवे सभासद येत होते तोवर जुन्यांना पैसे मिळाले. ओघ आटताच शेवटी आलेल्यांच्या हाती पावत्या उरल्या.

१२. १९१२ मध्ये सरकारने दोन कायदे केले : एक आयुर्विमा कंपन्यांसाठी, दुसरा प्रॉव्हिडंट विमा संस्थांसाठी. दुसऱ्या कायद्याच्या व्याख्येत जन्म आणि मृत्यू यांच्याबरोबर ‘विवाह’ हा शब्दही होता. भारतीय विमा कायद्याच्या इतिहासात लग्नाचे नाव इतक्या आरंभापासून आहे. पुढे १९३८ च्या विमा कायद्याने वाटणी-पद्धतीच्या व्यवसायावर बंदी आणली. फसव्या योजनांची आजची रूपे पाहिली की शतकापूर्वीच्या या कायद्यांचे महत्त्व लक्षात येते.

१३. कायदा झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापन केली. मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांनी व्यापलेल्या या व्यवसायात एका जिल्ह्याच्या गावी मुख्य कचेरी असलेली आयुर्विमा कंपनी उभी राहणे ही मोठी गोष्ट होती. पुढे १९३६ मध्ये त्यांनीच साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँकेची स्थापना केली. आहेराच्या वहीपासून हिशोबी विम्यापर्यंतचा प्रवास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असा प्रत्यक्ष घडला.

१४. तरीही एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. आयुर्विमा लग्नासाठी पैसा उभा करू शकतो. बापाच्या मागे मुलीचे कार्य थांबू नये, ही त्यातील भावना खरी होती आणि तिने घरोघरी विमा पोहोचवला. पण लग्नाच्या दिवशी मांडवच पेटला तर त्या नुकसानीशी आयुर्विम्याचा संबंध नाही. समारंभासाठी विमा आणि समारंभाचा विमा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा परिचय जगाला एका राज्याभिषेकाने करून दिला.

१५. २६ जून १९०२. लंडनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता. मिरवणुकीच्या रस्त्यावरील खिडक्या आणि सज्जे भरमसाट भाड्याने गेले होते. दोन दिवस आधी जाहीर झाले की राजाच्या पोटावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागत आहे, समारंभ लांबणीवर. प्रत्यक्ष राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. ज्यांनी लॉइड्सच्या बाजारात सोहळ्याचा विमा उतरवला होता त्यांना भरपाई मिळाली. ज्यांनी नव्हता उतरवला ते न्यायालयात गेले.

१६. त्यांतील दोन खटले आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. ‘क्रेल विरुद्ध हेन्री’ मध्ये पाल माल रस्त्यावरील घर दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरले होते आणि २५ पौंड आगाऊ दिले होते. १९०३ मध्ये न्यायालय म्हणाले : मिरवणूक हाच कराराचा पाया होता, तो ढासळला, म्हणून उरलेले ५० पौंड देय नाहीत. ‘चँडलर विरुद्ध वेब्स्टर’ मध्ये मात्र १४१ पौंड १५ शिलिंगांपैकी १०० पौंड भरलेल्या भाडेकरूला तेही परत मिळाले नाहीत, उलट बाकीही द्यावी लागली. कारण ती रक्कम समारंभ रद्द होण्यापूर्वीच देय झाली होती.

१७. भारताचा कायदा या बाबतीत तीस वर्षे पुढे होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५६ सांगते की कराराची पूर्तता अशक्य झाली तर करार रद्द ठरतो. कलम ६५ सांगते की अशा करारातून मिळालेला लाभ परत करावा लागतो. लंडनच्या चँडलरला जे मिळाले नाही, ते या कलमाने साताऱ्याच्या यजमानाला तत्त्वतः मिळू शकत होते. ‘तत्त्वतः’ हा शब्द मात्र जड आहे. मंगल कार्यालयाच्या इसारासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी कोण चढणार? विमा इथेच उपयोगी पडतो. तो न्याय देत नाही, पण पैसे वेळेत देतो.

१८. याच कायद्याचे कलम ३० पैजेचे करार रद्दबातल ठरवते. ‘उद्या पाऊस पडेल’ यावर पैसे लावणे ही पैज. ‘उद्या पाऊस पडला तर माझ्या खुल्या मैदानावरील कार्यक्रमाचे जे नुकसान होईल ते भरून द्या’ हा विमा. दोन्हींत पाऊस तोच. फरक इतकाच की दुसऱ्यात मागणाऱ्याचे खरोखर काही पणाला लागलेले असते. याला विमायोग्य हितसंबंध म्हणतात. दुसऱ्याच्या समारंभाचा विमा तिऱ्हाईताला उतरवता येत नाही, तो याच कारणाने.

१९. १९४० च्या दशकात सातारा जिल्ह्याने पुन्हा एकदा समारंभ लहान करण्याचा मार्ग निवडला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली आजच्या सांगली-सातारा भागात प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान आणि ग्रामरक्षणाबरोबरच त्याने ‘गांधी विवाह’ लावले. वाजंत्री, पंगती आणि हुंडा यांना फाटा देऊन, प्रसंगी अनेक जोडप्यांचे एकत्र विवाह होत. कर्ज काढून कार्य करण्याच्या रीतीवर हा थेट आघात होता. सत्यशोधकांचे सूत्र सत्तर वर्षांनी त्याच भूमीत असे पुन्हा उगवले.

२०. स्वातंत्र्यानंतर विमा सरकारकडे गेला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्यात १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था विलीन झाल्या. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया त्यांतच गेली आणि ‘वाटणी’च्या युगाचे अखेरचे अवशेषही त्यांतच विरले. आग, अपघात, जबाबदारी यांचा सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकृत झाला. १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या करण्यात आल्या. समारंभाचा विमा आज याच दुसऱ्या शाखेत मोडतो.

२१. या काळात समारंभातील सर्वांत मोठा धोका मांडवात नव्हता. तो रस्त्यावर होता. वऱ्हाड ट्रकमध्ये, टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाई. वाहनाला तिऱ्हाईताचा विमा सक्तीचा आहे, तेव्हा अपघात झालाच तर भरपाई मिळेल, असा समज होता. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने ‘न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध आशा राणी’ या निकालात स्पष्ट केले की मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही. मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर गोष्ट वेगळी. क्रम पुन्हा तोच : माल आधी, माणूस नंतर.

२२. निमंत्रितांप्रती यजमानाची जबाबदारी किती, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे सर्वांत भीषण रूपात आला तो हरियाणातील डबवालीमुळे. २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेचे वार्षिक संमेलन मंगल कार्यालयातील मांडवात चालू असताना आग लागली. चारशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले; त्यांत बहुसंख्य मुले होती. २००९ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईचा भार शिक्षणसंस्था आणि शासनयंत्रणा या दोघांवर टाकला. कार्यक्रम भरवणारा केवळ यजमान नसतो, कायद्याच्या दृष्टीने तो रक्षकही असतो, हे त्यातून ठळक झाले. या ओळखीला चौदा वर्षे लागली.

२३. आणि मग २५ जानेवारी २००५. पौष पौर्णिमा, सातारा जिल्ह्यातील वाईजवळचा मांढरदेव डोंगर. काळूबाईच्या यात्रेला लाखो भाविक आले होते. वाट अरुंद आणि चढाची. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. पुढचे घसरले, मागचे रेटत राहिले. चेंगराचेंगरीपाठोपाठ दुकानांना आगी लागल्या आणि गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे गेली. चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमण्यात आला.

२४. अशा दुर्घटनेनंतर जाहीर होते ती ‘सानुग्रह’ मदत. हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. सानुग्रह म्हणजे कृपापूर्वक. ती देणाऱ्याची मर्जी असते, घेणाऱ्याचा हक्क नसतो. विम्याची भरपाई याच्या उलट असते : ती करारातून येते आणि नाकारली गेली तर कारण द्यावे लागते. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. पण तो घातक पदार्थ हाताळणाऱ्या आस्थापनांपुरता. यात्रा, लग्न, मैफल किंवा मेळावा त्याच्या कक्षेत येत नाही. रस्त्यावर दुचाकी आणायची तर तिऱ्हाईताचा विमा सक्तीचा. लाख माणसे एका वाटेवर आणायची तर तशी देशव्यापी सक्ती नाही.

२५. आजच्या समारंभ-विम्यात साधारण चार पदर असतात. एक, कार्य रद्द वा लांबणीवर पडल्यास झालेला खर्च. दोन, मांडव, सजावट, दागिने, साहित्य यांचे नुकसान. तीन, सार्वजनिक दायित्व; म्हणजे पाहुण्याला वा तिऱ्हाईताला इजा झाल्यास यजमानावर येणारी कायदेशीर भरपाई. चार, स्वयंसेवक व कामगारांचा वैयक्तिक अपघात विमा. मन बदलले, वधू-वरांचे बिनसले, परवानगीच घेतली नाही, असल्या कारणांना भरपाई नसते. तासगाव तालुक्यातील कवठे एकंदच्या दसऱ्यासारखी आतषबाजी जिथे असेल, तिथे अटी अर्थातच कडक होतात.

२६. या चार पदरांचे परस्पर प्रमाण पाहण्यास मुंबईच्या जीएसबी सेवा मंडळाचा गणेशोत्सव उपयोगी पडतो, कारण त्याचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. २०२३ चा विमा ३६०.४० कोटी रुपयांचा होता, २०२४ चा ४००.५८ कोटींचा. २०२४ मध्ये त्यांतील ३२५ कोटी स्वयंसेवक, पुजारी, आचारी आदींच्या अपघात विम्याचे होते आणि ४३.१५ कोटी सोन्याचांदीच्या दागिन्यांचे. सार्वजनिक दायित्वासाठी ३० कोटी होते. आदल्या वर्षीही ३० कोटीच होते. सेवकांचा विमा वाढला, सोन्याचा वाढला. दर्शनाला येणाऱ्या गर्दीसाठीचा आकडा जागच्या जागी राहिला.

२७. सरकारनेही या क्षेत्रात पाऊल टाकले आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहीहंडीच्या ५० हजार गोविंदांचा विमा उतरवला. माणशी हप्ता ७५ रुपये, म्हणजे एकूण साडेसदतीस लाख. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखावर गेली. उत्सवात जोखीम पत्करणाऱ्या तरुणाला दयेऐवजी हक्क मिळाला, हे निश्चितच पुढचे पाऊल होते. मात्र हा विमा थर लावणाऱ्याचा आहे, खाली उभ्या असलेल्या बघ्याचा नाही.

२८. २०२० ने आणखी एक धडा दिला. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि ऐन लग्नसराईत कार्यालये बंद पडली. पुढे पन्नास पाहुण्यांची मर्यादा आली. इसार अडकले, मांडववाले, बँडवाले आणि आचारी वर्षभर रिकामे बसले. १८७६ च्या दुष्काळासारखीच ही सर्वांवर एकदम कोसळलेली आपत्ती होती. त्याच वर्षी विम्बल्डन स्पर्धा रद्द झाली. पण सार्सच्या साथीनंतर तिच्या आयोजकांनी साथरोगाचे कलम असलेला विमा घेऊन ठेवला होता. वर्षानुवर्षे निष्फळ वाटलेला तो हप्ता एका उन्हाळ्यात कामी आला.

२९. विमा सर्व काही करतो असे नाही. तो पायऱ्या रुंद करत नाही, मांडवाला दुसरे दार काढत नाही आणि गेलेला माणूस परत आणत नाही. पण चांगली विमा कंपनी करार करण्यापूर्वी विचारते : बाहेर पडण्याच्या वाटा किती? वीजजोडणी कोणी केली? गॅसच्या टाक्या कुठे ठेवणार? अग्निशमनाची सोय काय? मांढरदेवच्या वाटेवर त्या दिवशी याच प्रश्नांची उत्तरे जीवनमरणाची ठरली. कागदावर सही होण्यापूर्वी विचारलेले हे चार प्रश्न अनेकदा भरपाईच्या रकमेपेक्षा अधिक मोलाचे असतात.

३०. दरबाराचा आश्रय, आहेराची वही, वर्गणीच्या फसलेल्या संस्था, चिरमुल्यांची कंपनी, गांधी विवाह आणि आजची पॉलिसी : समारंभाचा भार वाटून घेण्याची ही सहा रूपे. प्रत्येक पिढीने यजमानाला थोडे अधिक सुरक्षित केले. गावोगावच्या यात्रा कमिट्या, मंडळे आणि कार्यालये आज वर्गणीचा हिशोब मांडतात, तेव्हा त्यात देखावा, ध्वनिक्षेपक आणि महाप्रसाद यांच्या ओळी असतातच. आलेल्या माणसाच्या जिवासाठी त्याच हिशोबात आणखी एक ओळ घालणे, एवढेच या पावणेदोनशे वर्षांचे राहिलेले काम आहे.